हिरवा माईक, माउथ ऑर्गन आणि चार पेडलं : दोन वर्षांच्या वापरानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधी सांगते. माईक हातात धरून ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) माउथ ऑर्गनवर वाजवत असाल आणि आवाज बदलणारं, पायाने चालू-बंद करायचं एकच पेडल घ्यायचं असेल, तर अ‍ॅनालॉग डिले घ्या, म्हणजे प्रतिध्वनी देणारं. दुसऱ्यासाठी पैसे असतील तर इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करणारं. ऑक्टेव्हचं, म्हणजे सुराला वरच्या-खालच्या सप्तकाची जोड देणारं पेडल मजा आणतं, पण रात्रीत एका गाण्यापुरतं. आणि गिटारसाठी बनवलेलं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, कुणी वापरायला दिलं, तर एकदा घरी लावून बघा आणि परत करा.

मी मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षं शिकागोच्या पश्चिमेला, ऑरोरात राहते, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माउथ ऑर्गन इथे आल्यावरच शिकले. दर गुरुवारी एका बारमध्ये ब्लूजचं जॅम असतं. नाव लिहायचं, थांबायचं, नंबर आला की दोन-तीन गाणी वाजवायची. अ‍ॅम्प तिथलाच, फेंडरचा ब्लूज ज्युनियर, १५ वॅट, १२ इंची स्पीकर. तो गिटारसाठी बनवलेला आहे आणि माझ्याआधी कुणीतरी त्यावर गिटार वाजवूनच उठलेलं असतं. घरी तळघरात माझा ५ वॅटचा छोटा, काचेच्या ट्यूबांवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प आहे, त्याला पेडलांची फारशी गरज लागत नाही. प्रश्न येतो तो परक्या अ‍ॅम्पवर. तेव्हा मी लिहितेय ते मुख्यतः त्या नजरेने वाचावं.

माईक आहे शुअरचा ग्रीन बुलेट, ५२०डीएक्स. मूळचा ग्रीन बुलेट १९४९ मध्ये बाजारात आला, तोही शिकागोतल्याच कंपनीचा, आणि आला तो घोषणा-बिघोषणांसाठी, संगीतासाठी नाहीच. त्याची झेप साधारण १०० ते ५००० हर्ट्झ, म्हणजे वरचा चकचकीत भाग त्याला ऐकूच येत नाही, आणि ब्लूजला नेमकं तेच हवं असतं. माझी तक्रार एकच. तो माझ्या हातांना मोठा पडतो. डाव्या हातात हार्मोनिका (म्हणजे माउथ ऑर्गनच) आणि माईक एकत्र धरून उजव्या हाताने सगळं झाकायचं, कुठेही फट राहता कामा नये, हे जमायला मला दोन महिने लागले. लहान हातांच्या बायकांनी आणि मुलामुलींनी घेण्याआधी तो दुकानात हातात धरून बघावा. शेपटाला आवाजाचा नॉब आहे, तो फार कामाचा. ६ मीटरची वायर मात्र कायमची जोडलेली आहे, तुटली तर सगळं उघडावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, कारण तो कळल्याशिवाय पेडलांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार म्हणजे शिकागोतली एकेकाळची जबरदस्त गर्दी. तिथे रस्त्यावर वाजवणारे शेजारच्या घरातून विजेची वायर ओढून आणायचे आणि अ‍ॅम्प लावायचे, कारण त्या गलक्यात साधा माउथ ऑर्गन चार पावलांपलीकडे ऐकू जात नव्हता. ब्लूजचा माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टर हा तिथे वाजवलेला माणूस. त्याने नुसता आवाज वाढवला नाही. माईक हार्मोनिकाला चिकटवून दोन्ही तळव्यांत कोंडला आणि अ‍ॅम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं, की सूर फाटायला लागतो, भरतो, सॅक्सोफोनसारखा जाड होतो, हे त्याने वाद्य म्हणून वापरलं. मे १९५२ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रित झालेली त्याची ‘जूक’ ही धून आठ आठवडे बिलबोर्ड मासिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिली होती. आणि त्या काळी त्याच्यापुढे एकही पेडल नव्हतं.

मी लहान असताना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना तासन् तास बघितलेलं आहे. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे, आणि तार छेडत राहायचा. धागा चुकीच्या जागी असला की तार नुसती ‘टण्ण’ करते. जागेवर आला की एका सुरातून दहा सूर उमलतात. कारागिराचे डोळे मिटलेले असायचे आणि बोट धाग्यावर. पहिल्यांदा मी माईक तळव्यांत नीट कोंडून दोन नंबरचं भोक ओढलं (श्वास आत घेऊन वाजवलं) आणि अ‍ॅम्प भरून आला, तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही. ही जवारीच आहे. इथे धाग्याचं काम हात करतात. तळवे मिटले की वरचे स्वर कोंडले जातात, मधला भाग फुगतो, माईकवरचा दाब वाढतो आणि अ‍ॅम्प गुरगुरतो. तळवे उघडले की आवाज पातळ, स्वच्छ, दूरचा होतो.

म्हणून माझी प्रत्येक पेडलसाठी एकच परीक्षा आहे. चार नंबरचं भोक ओढून धरायचं. हात पूर्ण मिटायचे, पूर्ण उघडायचे, परत मिटायचे. पेडल चालू असताना तो फरक स्वच्छ ऐकू आला तर पेडल पास. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर नापास, मग बाकी कितीही छान वाजू दे.

डिस्टॉर्शनचं सांगून टाकते. एका नामांकित कंपनीचं, गिटारवाल्यांचं लाडकं पेडल मी सुरुवातीला मोठ्या आशेने घेतलं होतं. अ‍ॅम्प फाटल्यासारखा वाजतो तोच आवाज पेडल देईल, असा माझा समज. घरी हळू आवाजात ठीक वाटलं. गुरुवारी लावलं. पहिली ओळ वाजवली, श्वास घ्यायला हात जरा सैल केला, आणि ड्रमवाल्याची झांज माझ्या अ‍ॅम्पमधून बाहेर आली. पुढच्या क्षणी अ‍ॅम्पने अशी शिट्टी मारली की पुढच्या टेबलावरच्या बाईंनी कान झाकले. मी पायाने पेडल बंद करीपर्यंत गाणं थांबलं होतं. मला खूप वाईट वाटलं, कारण त्या रात्री बाकी चौघं फार सुंदर वाजवत होते.

नंतर बसून विचार केला तेव्हा कारण सरळ होतं. गिटारच्या पिकअपला फक्त तारा ऐकू येतात. माईकला अख्खी खोली ऐकू येते, त्यात आपलाच अ‍ॅम्पही आला. डिस्टॉर्शन पेडल बारीक आवाज प्रचंड वाढवतं आणि मोठा आवाज दाबतं, म्हणजे दोन ओळींमधली शांतता सगळ्यात धोक्याची होऊन बसते. आणि उघड-मीट परीक्षेत ते सपशेल नापास झालं. हात उघडा की मिटा, तीच एकसुरी घरघर. ज्याच्यासाठी हे वाद्य हातात घेतलं तेच त्याने खाऊन टाकलं.

याला अपवाद म्हणजे हार्मोनिकासाठीच बनवलेली पेडलं. लोन वुल्फ ब्लूज कंपनीचं हार्प ब्रेक एका वाजवणाऱ्या मित्राने मला एका संध्याकाळपुरतं दिलं होतं. त्याचा फाटका आवाज बेतात राहतो, हात उघडले की तो खरंच मोकळा होतो. अ‍ॅम्प न नेता सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घुसवून वाजवायचं असेल, तर मी निःसंकोच हे सुचवीन. मी घेतलं नाही, कारण ट्यूब अ‍ॅम्प समोर असला की ते काम तोच करतो.

आता डिले. माझ्याकडे बॉसचं डीएम-२डब्ल्यू आहे, वापरलेलं घेतलेलं. तीन नॉब : प्रतिध्वनी किती वेळाने यावा, किती मोठा यावा, किती वेळा यावा. एक छोटा खटका आहे, जुन्या पद्धतीत २० ते ३०० मिलिसेकंद आणि दुसऱ्या पद्धतीत ८०० पर्यंत. दोन वर्षांत मी दुसऱ्या पद्धतीला हात लावल्याचं मला आठवत नाही.

याच्या आत जी चिप आहे तिला बकेट ब्रिगेड म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसा आवाज एका कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या घरातून) दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हजारो घरं ओलांडत जातो. बादली हातोहात जाताना थोडं पाणी सांडतंच. इथे सांडतो तो वरचा, धारदार भाग. त्यामुळे प्रतिध्वनी मूळ सुरापेक्षा मऊ आणि मंद येतो, दुसरा प्रतिध्वनी त्याहून मंद. आमच्या मळ्यातल्या विहिरीत हाक मारली की परत येणारा आवाज जसा ओला असायचा, तसा.

डिजिटल डिलेही मी वापरून पाहिला आहे. त्याचा प्रतिध्वनी मूळ सुराची हुबेहूब नक्कल असतो आणि इथेच गडबड होते. माउथ ऑर्गनवर आपण ओढतो, फुंकतो, मध्येच सूर खाली वाकवतो. मागचा सूर तितक्याच लखलखीतपणे परत आला की तो पुढच्या सुराशी भांडतो. अ‍ॅनालॉगचा मऊ प्रतिध्वनी मागच्या बाकावर जाऊन बसतो.

माझी बैठक अशी आहे. वेळ साधारण १३० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती, आवाज मूळ सुराच्या तिसऱ्या हिश्शाइतका. नॉबवर आकडे नाहीत, कानानेच लावायचं. तोंडाने पटकन ‘टक-टक’ म्हणा, त्या दोन टकांमधलं अंतर जवळपास तेवढं. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. शफल या ब्लूजमधल्या झुलत्या लयीत प्रत्येक ठोक्याचे तीन भाग असतात. मिनिटाला १५० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा, त्याचा तिसरा भाग १३३. म्हणजे प्रतिध्वनी नेमका लयीच्या पायरीवर येऊन पडतो. फार संथ गाण्यात हा हिशोब लागू पडत नाही, पण तिथे एवढा छोटा प्रतिध्वनी नुसती खोलीची भर घालतो, त्यामुळे मी नॉब हलवत नाही.

न हलवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि पेडलं विकणारे ते कधी सांगत नाहीत. गिटारवाला गाण्याच्या मध्ये वाकून नॉब फिरवू शकतो. आपले दोन्ही हात बांधलेले असतात. हात काढला की माईकभोवतीचं तळव्यांचं कवच फुटलं, कवच फुटलं की सूर गेला. आपल्याकडे उरतो फक्त पाय. म्हणून एकदा लावलं की रात्रभर त्याच जागी चांगलं वाजणारं पेडलच आपल्या कामाचं. या बाबतीत हे डिले मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

उघड-मीट परीक्षेत ते पास तर होतंच, उलट फरक वाढवतं. हात उघडून सोडलेला सूर मोकळा जातो आणि त्याच्या मागे बारीकशी सावली पडते. मिटून ओढलेला सूर जाड येतो आणि सावलीही जाड. चालू असताना प्रेक्षकाला कळता कामा नये की काही लावलंय, आमटीतल्या मिठासारखं. बंद केल्यावर मात्र त्यालाही काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

प्रतिध्वनीचं आणि माउथ ऑर्गनचं नातं जुनं आहे. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिकॅट्स या माउथ ऑर्गनच्या तिघांची एक रेकॉर्ड केली, तेव्हा घुमारा आणायला त्याने स्टुडिओचं न्हाणीघर वापरलं होतं. हे वाचल्यावर मी आमच्या टाइलच्या बाथरूममध्ये बिनमाईकचं वाजवून पाहिलं. तुम्हीही पाहा. पेडल घेण्याआधी कान तयार होतो आणि खर्च शून्य.

इक्वलायझर बॉसचा जीई-७. सात सरकपट्ट्या : १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ, १.६, ३.२ आणि ६.४ किलोहर्ट्झ, प्रत्येक १५ डेसिबल वर किंवा खाली. दिसायला नीरस, पण परक्या अ‍ॅम्पवर याने मला किती वेळा वाचवलंय. ब्लूज ज्युनियर माझ्या माईकला फार झणझणीत वाजतो आणि शिट्टी पटकन धरतो. मी ६.४ तळाला नेते, ३.२ दहाने खाली, २०० आणि ४०० तीन-तीनने वर, बाकी मध्यावर. शिट्टी मारण्याआधी मला आवाजाचा नॉब दोन आकडे जास्त फिरवता येतो. १.६ मात्र जपून. हात उघडल्यावर जे वरचे स्वर सुटतात त्यातला बराच भाग तिथे असतो. मी एकदा शिट्टीच्या भीतीने तो खूप दाबला आणि परीक्षेत नापास झाले. आवाज सुरक्षित होता, पण हात हलवून काही होईना. पट्ट्या वर ढकलल्या की खरखरही वाढते, म्हणून वर कमी, खाली जास्त हे सूत्र ठेवा.

स्वतःचा अ‍ॅम्प असेल तर हेच काम आणखी चांगलं करणारा एक उपाय आहे : पहिली १२एएक्स७ ट्यूब काढून १२एवाय७ लावणे. पहिलीची वाढवण्याची ताकद १०० धरली तर दुसरीची साधारण ४५. शिट्टी उशिरा येते, अ‍ॅम्प सावकाश भरतो. माझ्या तळघरातल्या अ‍ॅम्पमध्ये मी तेच केलंय. बारच्या अ‍ॅम्पचं झाकण कोण उघडू देणार?

ऑक्टेव्हसाठी इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं नॅनो पॉग. मूळ सूर, एक सप्तक खाली, एक सप्तक वर, असे तीन नॉब. घेताना एवढं बघाच की पेडलला एका वेळी अनेक सूर कळतात ना. एकाच सुरामागे धावणारी पेडलं माउथ ऑर्गनवर गोंधळतात, कारण आपण जिभेने मधली भोकं झाकून दोन सूर एकत्र काढतो, कॉर्ड मारतो. पॉगला ते कळतं. गिटारवाल्यांना ई पट्टी प्रिय, त्यासाठी मी ए ची हार्मोनिका घेते. तिचं दोन नंबरचं ओढलेलं भोक म्हणजेच ई, ३३० हर्ट्झचं, पेडल त्याखाली १६५ चा सूर ठेवतं, आणि संथ गाण्यात बॅरिटोन सॅक्स शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. अंगावर काटा येतो. पण खालचा सूर हाताच्या हालचालीला दाद देत नाही, तो तसाच गुळगुळीत राहतो, म्हणून मी त्याला पाव हिश्शाच्या वर जाऊ देत नाही. वरचा सप्तक शून्यावर, तो शिट्टीला आमंत्रण आहे. आणि बेस गिटार जोरात असेल तर हे लावूच नका, सगळा चिखल होतो.

जोडणीचा क्रम : माईक, ऑक्टेव्ह, इक्वलायझर, डिले, अ‍ॅम्प. ऑक्टेव्हला स्वच्छ सूर लागतो, म्हणून तो पहिला. जुना क्रिस्टल माईक असेल तर मात्र सावध राहा. त्याला ५ मेगाओमच्या आसपास रोध असलेलं इनपुट लागतं, पेडलांचं बहुधा १ मेगाओम किंवा कमी असतं, आणि तळाचा आवाज गळून जातो. बॉसची पेडलं बंद असली तरी आवाज त्यांच्या आतल्या सर्किटमधूनच जातो, त्यामुळे नुसतं जोडून ठेवल्यानेही क्रिस्टल माईक पातळ होतो. चुंबकीय ग्रीन बुलेटला हा त्रास नाही. वीज ९ व्होल्ट, मधली पिन ऋण. एका स्वस्त अडॅप्टरवर तिन्ही पेडलं माळेत लावली तेव्हा बारीक कुईं-कुईं सुरू झाली, वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घेतल्यावर गेली.

भारतात नेणाऱ्यांसाठी : अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प तिकडे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. पेडलांना फक्त तिकडचा अडॅप्टर लागतो. मी गेल्या दिवाळीत माईक, डिले आणि दोन हार्मोनिका एवढंच घेऊन मिरजेला गेले होते. भावाच्या मुलाचा कीबोर्डचा छोटा अ‍ॅम्प होता, त्यावर अंगणात वाजवलं. पलीकडच्या घरातले काका, ज्यांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात मी लहानपणी बसायचे, काठी टेकत आले. चार-पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “ते पायातलं बंद कर बघू, आणि नुसता हात मीट.”

मी डिले बंद केलं, ए ची हार्मोनिका माईकला लावली, दोन नंबर ओढला आणि तळवे मिटले. उघडले. परत मिटले.

“आता ते चालू कर आणि तसंच.”

केलं. त्यांनी मान हलवली, हात पुढे करून हार्मोनिका मागितली, उन्हाकडे धरून भोकांतून आत बघितलं आणि विचारलं, “सूर पितळी आहेत का गं?” (आतल्या थरथरणाऱ्या पट्ट्यांना ते सूर म्हणतात.) मी पर्समधला बारका स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिथेच पायरीवर बसून वरची पत्री उघडून त्यांच्या हातात दिली.